दैव आणि दावा

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण ज्याला उद्देशून उच्चारली जाते तो मनुष्य त्या वेळी बहुधा रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला असतो. मांडीत सळई बसविलेली असते, डोक्याला टाके असतात, आणि उशाशी मोसंब्यांची पिशवी ठेवून एखादे वडीलधारे आप्त हे वाक्य हळूच बोलतात. त्यात माया असते, सांत्वन असते, आणि घरच्यांना त्या घटकेस त्याची गरजही असते. परंतु या म्हणीच्या पोटात एक तत्त्वज्ञान दडलेले आहे, ते सहसा कोणी तपासून पाहत नाही. या वाक्याचा कर्ता काळ आहे. ट्रक हाकणारा येथे कर्ता नाही, त्याला अठरा तास अखंड हाकावयास लावणारा मालक नाही, आणि भर वस्तीतून महामार्ग नेऊन पादचाऱ्याला कडेची वाटही न ठेवणारा योजकही नाही. सर्वांची सुटका एका शब्दात होते, आणि जो खाटेवर पडलेला असतो त्याच्या वाट्याला ‘वाचलो हेच पुष्कळ’ एवढे समाधान येते.

अपघातात गंभीर दुखापत झालेल्या मनुष्याने नुकसानभरपाई मागावी की मागू नये, असा प्रश्न आम्ही येथे विचारास घेत आहोत. कायद्याने ती मागता येते, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु मागणे शोभते काय, याविषयी सुशिक्षित घरांत अजूनही मोठा संकोच आढळतो. आणि तो संकोच निव्वळ अज्ञानाचा नसून त्याला नीतीचा आधार असल्याचे समजले जाते, म्हणून त्याची नीतीच्याच अंगाने चिकित्सा करणे अवश्य आहे.

आमच्या डोळ्यांसमोर पिंप्राळ्यासारखे ठिकाण आहे. एके काळी हे जळगावाहून वेगळे, आपल्या विठ्ठलमंदिराचे आणि आषाढी एकादशीच्या रथाचे गाव होते. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. रथाची परंपरा मात्र चालू आहे. ज्यांनी हा रथ पाहिला आहे त्यांना चाकाशी लाकडी मोगरी घेऊन वाकलेली माणसे आठवतील. रथ वळवावयाचा, उतारावर आवरावयाचा, गर्दीत थांबवावयाचा, हे सारे त्यांच्या हाती असते. देवाचा रथ असूनही त्याच्या चाकाखाली कोणी येऊ नये याची जबाबदारी देवावर टाकण्याची कल्पना त्या भाविकांच्या मनास शिवलेली नाही. आणि याच वस्तीला लागून सुरतेहून धुळे, जळगाव, भुसावळ, नागपूर करीत कलकत्त्यास जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न आहे. त्या मार्गावर केळीचे ट्रक आहेत, टँकर आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढीत बांभोरीपलीकडच्या विद्यापीठाकडे जाणारी दुचाकीवरची मुलेमुली आहेत. तेथे चाकाशी मोगरी घेऊन कोण उभा आहे?

महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, मोर्चे काढले, आंदोलने केली. आम्हांस या चळवळीचे महत्त्व तिच्या मागणीहूनही तिच्यामागील विचारात अधिक वाटते. एकाच चौफुलीवर पुन्हा पुन्हा माणसे पडतात तेव्हा त्या प्रत्येकाची ‘वेळ’ नेमकी तेथेच कशी येते, हा साधा प्रश्न लोकांनी विचारला. ज्याचे प्रारब्ध रस्ता रुंद केल्याने बदलते, त्याला प्रारब्ध म्हणण्यात अर्थ नाही. सन २०२२ मध्ये भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्र सरकारच्याच अहवालात नमूद आहे. म्हणजे दररोज बाराशेंहून अधिक जखमी. इतक्या नियमाने येणाऱ्या गोष्टीला दैव म्हणावयाचे, तर दैवाइतके वक्तशीर खाते दुसरे नाही, असे म्हणावे लागेल!

‘हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे कर्मफल सोसण्याची रीत होती’, असाही एक आक्षेप ऐकू येतो. आक्षेप घेणाऱ्यांनी मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडून पाहावा. त्या ग्रंथातील दंडव्यवस्था वर्णभेदाने डागाळलेली आहे, आणि १९२७ साली महाडास तो जाळला गेला तो उगीच नव्हे. त्याचा अधिकार आम्ही मानतो असे कोणी समजू नये. परंतु ज्यांना तो अधिकार मान्य आहे, त्यांची तरी या बाबतीत पंचाईत होते. त्या अध्यायात वाहनापासून होणाऱ्या इजेचा तपशीलवार विचार आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, ‘बाजूला व्हा’ असा पुकारा सारथ्याने केला होता, अशा दहा प्रसंगी दोष नाही असे सांगून पुढे म्हटले आहे की, सारथी अडाणी असल्यामुळे गाडी भरकटली आणि इजा झाली तर दंड गाडीच्या स्वामीला व्हावा. सारथी कुशल असेल तर सारथ्याला. आणि सारथी अडाणी असताना जे गाडीत बसले त्यांनाही. कोणाचे अंग मोडले तर बरे होण्याचा खर्च इजा करणाराने द्यावा, हा नियमही त्याच्याच आधी, मारहाणीच्या प्रकरणात, येतो. त्या खर्चाला समुत्थानव्यय असा सुंदर शब्द आहे, पुन्हा उठून उभे राहण्याचा खर्च. मालकाची जबाबदारी, चालकाची जबाबदारी, औषधोपचाराचा खर्च: आजच्या मोटारकायद्याची बीजे जवळजवळ सगळी येथे आहेत. कर्मविपाक सांगणाऱ्या शास्त्रकारांनी गाडीवानाला मात्र त्याचा फायदा दिलेला नाही.

इंग्रजी कायद्याची वाटचाल याहून अडखळत झाली. मनुष्य मेला की त्याचा दावाही मेला, असे तेथील जुने तत्त्व होते. आगगाड्यांचे युग आले आणि हे तत्त्व असह्य झाले. तेव्हा १८४६ साली तेथे मृताच्या कुटुंबास भरपाई मागण्याचा हक्क मिळाला, आणि त्याच धर्तीवर १८५५ साली हिंदुस्थानात कायदा झाला. पुढे १९३९ चा मोटारवाहन कायदा आला. त्यातील तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती १९४६ च्या जुलैपासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी कोर्टाच्या लांबणीतून हे दावे काढून स्वतंत्र न्यायाधिकरणांकडे देण्याची सोय झाली. तरीही दोष शाबीत केल्यावाचून भरपाई नाही, हे तत्त्व कायमच होते, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगितले. ज्या मनुष्याला धडकेनंतरचे काही आठवतही नाही, त्याने चालकाचा दोष साक्षीपुराव्याने सिद्ध करावा, यातील विसंगती उघड होती. १९८२ साली संसदेने दोष न पाहता काही किमान रक्कम देण्याचे तत्त्व स्वीकारले: मृत्यूस पंधरा हजार, कायमच्या अपंगत्वास साडेसात हजार. रक्कम क्षुल्लक होती, परंतु विचारात क्रांती होती. १९८८ च्या नव्या कायद्याने ते तत्त्व कायम ठेवले. २०१९ च्या दुरुस्तीने, जिचा हा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहे, ही रक्कम मृत्यूस पाच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख झाली. याहून अधिक हवे असेल त्याने दोष दाखवून रीतसर अर्ज करावा, अशी सध्याची व्यवस्था आहे.

आता संकोचाकडे वळू. ‘मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ हा वाक्प्रचार या प्रसंगी हटकून निघतो, आणि जखमी मनुष्य जिवंत असला तरी त्याची झळ त्याच्याही घरास लागते. मुलाचा हात गेला आणि बापाने कोर्टातून पैसे आणले, असे शेजारी म्हणतील, ही भीती पुष्कळांना दाव्यापासून परावृत्त करते. परंतु लोणी कोणाचे आहे, याचा विचार करावा. प्रत्येक वाहनधारकाने तिऱ्हाइताचा विमा उतरविलाच पाहिजे असा कायदा आहे. पिंप्राळ्यातला शिक्षक आपल्या स्कूटरीसाठी हप्ता भरतो, दूधवाला भरतो, ट्रकचा मालक भरतो. हा हप्ता कोणासाठी असतो? स्वतःसाठी नव्हे, ज्याला आपले वाहन कदाचित धडकेल त्या अनोळखी मनुष्यासाठी. रस्त्यावर वाहन काढणाऱ्या सर्वांनी मिळून उभी केलेली ही ठेव आहे. तिच्यातून जखमी मनुष्याने आपला वाटा मागितला तर तो कोणाच्या दयेवर जगत नाही. आणि त्याने तो मागितला नाही, तर त्याच्या औदार्याचा लाभ ट्रकवाल्याच्या गरीब क्लीनराला होत नसून विमा कंपनीच्या ताळेबंदाला होतो. असले औदार्य कोणी समजून-उमजून केले असेल असे आम्हांस वाटत नाही.

याहून नाजूक प्रश्न क्षमेचा आहे. धडक झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे प्रतिष्ठित लोक रुग्णालयाच्या ओसरीत जमतात. ‘जाऊ द्या भो, तोही लेकराबाळांचा माणूस आहे, मिटवून टाका’, असा सूर लागतो. पंधरा-वीस हजार रुपये हातावर ठेवले जातात, एका कागदावर सही होते, आणि वडील मोठ्या मनाचे ठरतात. आम्ही क्षमेला कमी लेखीत नाही. सूडाने पेटलेल्या घरापेक्षा क्षमा करणारे घर खचित श्रेष्ठ. परंतु क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? पाय ज्याचा मोडला त्याचा. तो आत शुद्धीवर येत असतो, किंवा औषधाच्या गुंगीत असतो, आणि बाहेर त्याच्या वतीने कोणीतरी त्याचे ऋण सोडून देत असते. पुढील चाळीस वर्षे लंगडत चालावयाचे आहे ते मुलाने. जिन्याच्या कठड्याला धरून चढावयाचे आहे ते त्याने. ‘मुलगा चांगला आहे हो, पण पाय जरा…’ असे लग्नाच्या बोलणीत ऐकावयाचे आहे तेही त्याने. वडिलांच्या मोठेपणाची किंमत तो भरतो. शिवाय ऋण मान्य झाल्यावर ते सोडून देणे याला क्षमा म्हणतात. ऋणच नव्हते, सारा काळाचा खेळ होता, असे म्हणून उठून जाणे याला दुसरे काही नाव असावे.

‘पण गेलेल्या हाताचे मोल पैशांत होते काय?’ होत नाही. न्यायालयेही तसे मानीत नाहीत. हाताची किंमत ठरविण्याऐवजी हात गेल्यामुळे जे आता करावे लागेल आणि जे आता करता येणार नाही त्याचा हिशेब ती करतात. हा हिशेब वाचकांनी एकदा समजून घ्यावा. अठ्ठावीस वर्षांचा एक वेल्डर महिना पंधरा हजार मिळवितो असे धरू. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चाळिशीच्या आतील स्वतंत्र धंदा करणाऱ्याच्या मिळकतीत भावी वाढीचे शेकडा चाळीस मिळवावयाचे. दोन लाख बावन्न हजार झाले. २००९ च्या निकालातील कोष्टकाप्रमाणे सव्वीस ते तीस या वयास सतराने गुणावयाचे. बेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजार. आता उजवा हात निकामी झाल्याने त्याची कमाईची शक्ती शेकडा साठ घटली असे ठरले, तर पंचवीस लाख सत्तर हजार चारशे. यात औषधोपचार, पुढील शस्त्रक्रिया, सोबतीच्या माणसाचा खर्च आणि सोसलेल्या वेदना यांची भर निराळी. आणि येथे एक फार विवेकाची गोष्ट २०१० च्या एका निकालात सांगितलेली आहे: डॉक्टरच्या दाखल्यावरील अपंगत्वाचा आकडा आणि उपजीविकेची हानी एक नव्हेत. पाय गेलेला कारकून आपले टेबल सांभाळू शकेल, पाय गेलेला हमाल उद्यापासून हमाल राहत नाही. मोडलेल्या हाडाकडे न पाहता मोडलेल्या आयुष्याकडे पाहावे, असे हे म्हणणे आहे.

या हिशेबात आम्हांस खटकणारी गोष्ट नाही असे नव्हे. ज्याची मिळकत मोठी त्याच्या पायाला भरपाई मोठी, हे समतेच्या तत्त्वाशी कसे जुळावे? त्यावर तर्कशुद्ध उत्तर असे की, भरपाई म्हणजे गेले तितके परत करणे. परंतु ज्याची मिळकत पगारपत्रकावर कधी चढतच नाही त्याचे काय? १९९४ साली कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात गृहिणीची मिळकत नवऱ्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांश धरली होती. म्हणजे हमालाची बायको आणि वकिलाची बायको सारख्याच भाकऱ्या भाजीत असल्या तरी एकीच्या हाताचे मोल दुसरीच्या कित्येक पटींनी कमी! जमशेदपूरला १९८९ साली झालेल्या अग्निकांडाच्या प्रकरणात, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा तीन हजार धरले. २०१० साली त्याच न्यायालयातील एका निकालात, २००१ च्या शिरगणतीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची गणना भिकारी आणि कैदी यांच्यासह अनुत्पादकांत केली गेल्याबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदविली आहे; आणि २०२१ च्या निकालाने गृहिणीच्या मिळकतीतही भावी वाढ धरावी असे म्हटले. सुशिक्षित घरांतील किती पुरुषांनी आपल्या घरचा हा हिशेब कधी मांडून पाहिला असेल? तो मांडण्याची वेळ अपघाताने यावी, ही खेदाची गोष्ट आहे.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी येथेच सांगून टाकतो, कारण त्या ठाऊक नसल्याने पुष्कळांचे नुकसान होते. खानदेशातील शेकडो तरुण पुण्यास, सुरतेस, मुंबईस नोकरीधंद्याला जातात आणि तेथील रस्त्यांवर जखमी होतात. दावा तेथेच लावावा लागेल, प्रत्येक तारखेला तेथे जावे लागेल, या समजुतीने घरचे गप्प बसतात. वस्तुतः अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. पुण्यात मोडलेल्या पायाचा न्याय जळगावास मागता येतो. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्तास पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत अशीही योजना लागू झाली आहे. आणि अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, अशी मुदत २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा घातली. मांडीचे हाड जुळावयास कधी कधी याहून अधिक काळ लागतो, हे दुरुस्ती करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. या मुदतीला आव्हान दिले गेले असून, केवळ तेवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या नोव्हेंबरात दिला आहे. तथापि शहाण्याने त्यावर विसंबून राहू नये.

दावा आणि शिक्षा यांची गल्लतही होऊ देऊ नये. ७ मे २०२४ रोजी जळगावाजवळ रामदेववाडी येथे भरधाव मोटारीच्या धडकेने एक आशासेविका, तिची दोन मुले आणि भाचा असे चौघे मेले. अटक होण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला, आणि त्या अवधीत पुण्यास कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणारा अपघात होऊन साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले. पुण्याच्या प्रकरणात अल्पवयीन चालकाला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली होती, हे वाचकांस स्मरत असेल. आम्ही याच विषयावर याच्या कितीतरी पट शब्द खर्चिले आहेत आणि निबंधाची शक्ती किती असते हे आम्हांस ठाऊक आहे! आरोपीला शिक्षा होवो वा न होवो, फौजदारी खटला दहा वर्षे चालो, भरपाईचा हक्क त्यावर अवलंबून नाही. तेथे पुराव्याची कसोटीही निराळी आणि सौम्य आहे.

राहता राहिले ते लोक, ज्यांच्यापर्यंत हा कायदा नीटसा पोहोचतच नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या अपरात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटून, त्यावर बसून घरी निघालेल्या पंधरा मजुरांनी जीव गमावला. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. सारे रावेर बाजूचे. सरकारी मदत जाहीर झाली, आणि ती योग्यच होती. पण मदत म्हणजे हक्क नव्हे. मालवाहू गाडीच्या विम्याचे छत्र मालाच्या मालकावर किंवा त्याने पाठविलेल्या मनुष्यावर असते, गाडीवर कामाला ठेवलेल्या नोकरावर असते. मालाबरोबर फुकट बसून आलेल्या प्रवाशावर नसते, असा या शतकाच्या आरंभापासून सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, अशी वाट काही निकालांत काढली गेली आहे, पण ती त्या त्या न्यायाधीशाच्या विवेकावर. म्हणून अशा कोणत्याही दाव्यात पहिला प्रश्न असा निघतो की, पपईच्या राशीवर बसलेली ती बाई ट्रकमालकाची नोकर होती, व्यापाऱ्याची होती, की नुसती बसून आली होती? तिला रोजावर कोणी बोलाविले, गाडीत कोणी बसविले, माल भरण्याचे काम संपले की चालू होते? पगाराची चिठ्ठी तिच्याजवळ कधी नव्हती. मुकादमाच्या वहीत तिचे नाव असेल तर असेल, आणि ती वही कोर्टात कोण आणणार, हे मुकादमावर आहे.